‘गाडी तुमच्या बाजूला आली की पाठवतो’: कोकणात फर्निचरची रखडलेली तक्रार मार्गी कशी लावावी

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीवर सोफा, पलंग, गाद्या, पडदे किंवा तयार कपाटे विकत घेणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाने जाते. वस्तू घरी येते, काही आठवड्यांत किंवा पहिल्याच पावसाळ्यात तिच्यात बिघाड दिसू लागतो, आणि दुकानात फोन केला की ‘माणूस पाठवतो’ असे उत्तर मिळते. पुढच्या फोनला ‘गाडी तुमच्या बाजूला आली की बघतो’ असे सांगितले जाते, त्यानंतर ‘घाट बंद आहे’ हे कारण पुढे येते, आणि ग्राहक तरीही चिकाटी सोडत नाही असे दिसले की सूर बदलून ‘समुद्राच्या हवेने हे असे व्हायचेच’ असा निकाल ऐकवला जातो. तोपर्यंत दसरा उलटलेला असतो आणि वॉरंटीचा काळही संपत आलेला असतो.

या सर्व उत्तरांत दोन गोष्टी समान असतात. त्यांत तारीख नसते आणि ती कोठेही लिहिलेली नसतात. त्यामुळे ग्राहकाने कितीही वेळा पाठपुरावा केला तरी कागदोपत्री त्याने तक्रारच केलेली नसते. दुकानदार प्रत्येक वेळी लबाडच असतो असे नाही. कोल्हापूर किंवा बेळगावच्या दुकानाला मालवण, दापोली किंवा श्रीवर्धनकडे एका बिजागरीसाठी कारागीर पाठवणे खरोखर परवडत नाही, म्हणून तो त्या बाजूच्या आणखी चार ऑर्डरी जमण्याची वाट पाहतो. मात्र त्याची ही अडचण सोसणे ग्राहकावर बंधनकारक नाही, आणि तक्रार फोनवरून कागदावर आली की दुकानदाराचा हिशेबही बदलतो.

आधी दोष नेमका कोणता, हे ठरवावे

‘कपाट खराब झाले’ एवढ्याच शब्दांत केलेली तक्रार पहिल्याच फेरीत बाद होते, कारण दमट हवेचे कारण अशा मोघम वाक्यालाच सहज लागू पडते. म्हणून पत्र लिहिण्यापूर्वी दोष नीट पाहून त्याचे वर्णन करावे. नैसर्गिक हालचाल कोणती आणि मालातील किंवा कामातील दोष कोणता, हा भेद येथे फार महत्त्वाचा आहे.

भरीव लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते. घाटमाथ्यावरच्या कोरड्या हवेत तयार झालेले सागवानी कपाट जुलैमध्ये किनाऱ्यावर आले, की त्याची दारे चौकटीला घासू लागतात. पावसाळा संपून ऑक्टोबरच्या उन्हात तीच दारे सुटी झाली, तर तो दोष नव्हता. अशा वेळी भर पावसात सुताराकडून दार रंधून घेऊ नये, कारण डिसेंबरात तेथे फट पडलेली दिसते आणि मग दुकानदाराला ‘तुम्हीच काम करून घेतले’ असे म्हणण्याची आयती संधी मिळते. याउलट दार ऑक्टोबरनंतरही पिळलेलेच राहिले, सांध्याला भेग पडली किंवा पाट उकलला, तर पुरेसे न सुकवलेले लाकूड वापरल्याचा संशय घेण्यास जागा आहे.

लाकडाचा भुसा किंवा तंतू गोंदाने दाबून केलेल्या पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ या फळ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची कड एकदा पाणी पिऊन फुगली की वाळल्यावरही ती पूर्वीच्या जाडीवर येत नाही. फरशी पुसताना लागणाऱ्या पाण्याने खालची कड फुगली असेल, तर कडेची पट्टी नीट बसवली होती का, ती कोठून सुटली, आणि कपाटाला खाली पाय दिले होते की ते थेट फरशीवर ठेवले होते, हे पाहावे आणि त्याची जवळून छायाचित्रे घ्यावीत. प्लायवुडचे थर एकमेकांपासून सुटत असतील, तर गोंद किंवा दर्जा कमी प्रतीचा असल्याची शक्यता मोठी. ‘वॉटरप्रूफ प्लाय’ हा बाजारातला शब्द आहे, त्याला स्वतःचा असा अर्थ नाही. भारतीय मानकांनुसार सर्वसाधारण वापराच्या प्लायवुडसाठी आयएस ३०३ आणि मरीन प्लायवुडसाठी आयएस ७१० ही मानके आहेत. बाजारात ज्याला कमर्शियल किंवा ‘एमआर’ म्हणतात तो प्लाय दमटपणा काही प्रमाणात सोसतो, सततचे पाणी सोसत नाही, तर ‘बीडब्ल्यूपी’ म्हणजे उकळत्या पाण्यातही थर न सुटणारा प्लाय. मानकाचा शिक्का आणि परवाना क्रमांक प्लायच्या फळीवर छापलेला असतो, पण वर सनमायका चिकटला की तो दिसेनासा होतो, म्हणून सुताराकडून किंवा दुकानाकडून काम करून घेताना सनमायका लावण्यापूर्वीचे छायाचित्र मागून घ्यावे. तो क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर पडताळून पाहता येतो.

लाकडाला कीड लागली असेल, तर ‘तुमच्या घरातच वाळवी आहे’ हे उत्तर हमखास येते. येथे खुणा अगदी स्पष्ट असतात. वाळवी जमिनीतून किंवा भिंतीतून येते आणि मातीच्या नळ्या करीत वर चढते. लाकूड पोखरणारा भुंगेरा मात्र लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोके पाडतो आणि खाली पिठासारखी बारीक पूड पडते. नव्या पलंगाखाली अशी पूड पडत असेल आणि घरात मातीच्या नळ्या कोठेही नसतील, तर कीड लाकडाबरोबरच आली असण्याची शक्यता अधिक असते, कारण या किड्याची अळी लाकडात दीर्घकाळ दडून राहते. ती पूड झाडून टाकण्यापूर्वी काळ्या कागदावर घेऊन तिचे छायाचित्र काढावे आणि थोडी पूड पिशवीत बंद करून ठेवावी.

कृत्रिम चामड्याच्या, म्हणजे आपण ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो त्या सोफ्यांचा पापुद्रा सुटणे ही किनाऱ्यावरची फार मोठी तक्रार आहे. पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेले कापड उष्ण आणि दमट हवेत रासायनिक रीत्या विघटित होऊ लागते, हे त्या पदार्थाचे ज्ञात वैशिष्ट्य आहे, आणि नेमक्या याच कारणाने विक्रेत्याने ते आधी सांगायला हवे होते. गादी किंवा सोफ्याचा फोम बसला असेल, तर बिलावर घनता लिहिली आहे का ते पाहावे. ‘३२ डेन्सिटी’ याचा अर्थ एका घनमीटरला ३२ किलो असा होतो, त्यामुळे खोळीतून काढलेला फोमचा तुकडा मोजून आणि तोलून ही गोष्ट घरीच ढोबळमानाने तपासता येते. बिजागऱ्या आणि पडद्यांचे दांडे गंजले असतील, तर ‘स्टेनलेस’ हा शब्द बिलावर होता का ते पाहावे. दुकानात लोहचुंबक लावून दाखवण्याची पद्धत फारशी कामाची नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेत तुलनेने जास्त टिकणारे ३०४ प्रतीचे आणि त्या मानाने लवकर डाग पडणारे २०२ प्रतीचे, दोन्ही पोलाद चुंबकाला जवळजवळ सारखाच नकार देते.

‘हवेमुळे झाले’ या उत्तराला काय उत्तर द्यावे

माल विक्री कायदा १९३० मधील कलम १६ येथे उपयोगी पडते आणि ते फारच कमी ग्राहकांना माहीत असते. वस्तू कोणत्या विशिष्ट उपयोगासाठी हवी आहे हे ग्राहकाने विक्रेत्याला कळवले असेल, त्याच्या जाणकारीवर ग्राहक विसंबून आहे हे त्यातून दिसत असेल, आणि तशा वस्तू विकणे हा त्या विक्रेत्याचा व्यवसायच असेल, तर ती वस्तू त्या उपयोगाला योग्य असेल ही अट करारात गृहीत धरली जाते. ‘घर समुद्रापासून दोनशे मीटरवर आहे, दिवाणखान्याची भिंत पावसाळ्यात ओल धरते, या जागेला टिकेल असे कपाट द्यावे’ असे एक वाक्य मागणीच्या वेळी लिहून दिलेले असेल, तर पुढे समुद्राच्या हवेचे कारण दुकानदाराच्याच अंगलट येते, कारण ती हवा त्याला ठाऊक होती आणि तिच्यासाठीच त्याने वस्तू सुचवली होती.

या कलमाला एक अपवादही आहे. ग्राहकाने विशिष्ट व्यापारी नावाची वस्तूच मागून घेतली असेल, तर योग्यतेची ही गृहीत अट लागू होत नाही. म्हणून ‘अमुक कंपनीचे तमुक मॉडेल द्या’ असे म्हणण्यापेक्षा गरज सांगून विक्रेत्यालाच सुचवायला लावणे ग्राहकाच्या हिताचे असते, मग शेवटी घेतले ते तेच मॉडेल का असेना.

खरेदी होऊन गेली असेल आणि असे काहीही लिहिलेले नसेल, तरी सर्व संपले असे नाही. मागणीपत्रावर किंवा बिलावर वितरणाचा पत्ता असतो. गुहागर, वेंगुर्ले किंवा मुरूड हा पत्ता वाचणाऱ्या आणि त्या भागात वर्षानुवर्षे माल पाठवणाऱ्या दुकानाला तेथील हवेची कल्पना नव्हती, असे म्हणणे अवघड जाते. व्हॉट्सॲपवर पाठवलेली घराची छायाचित्रे, भिंतीची मापे आणि विक्रेत्याचे ‘काही होणार नाही, बिनधास्त घ्या’ हे उत्तर, हे सर्व जपून ठेवावे आणि मोबाइल बदलण्यापूर्वी ते संभाषण बाहेर काढून ई-मेलवर साठवावे.

चलनावरची सही

कोकणातील अनेक घरे गणपतीला आणि मे महिन्यातच उघडतात. चाकरमानी मुंबईत किंवा ठाण्यात बसून पैसे भरतो, टेम्पो गावी जातो, आणि शेजारचे काका किंवा धाकटी वहिनी चलनावरील, म्हणजे मालासोबत येणाऱ्या पोचेच्या कागदावरील, ‘माल सुस्थितीत मिळाला’ या छापील ओळीखाली सही करून टेम्पोवाल्याला चहा देऊन वाटेला लावतात. वेष्टन उघडते ते दोन महिन्यांनी, आणि मग ‘सही तर तुमच्याच माणसाची आहे’ हे उत्तर तयार असते.

कायद्यात यावर उपाय आहे, पण त्याला मर्यादाही आहे. माल विक्री कायद्याच्या कलम ४१ नुसार ग्राहकाला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत त्याने तो स्वीकारला असे मानले जात नाही. कलम ४२ मात्र असे सांगते की वाजवी काळ उलटल्यावरही विक्रेत्याला नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारल्याचे धरले जाते. वाजवी काळ किती, हे परिस्थितीवर ठरते. दोन महिने बंद घरात पडलेल्या सोफ्याबाबत वाद होणारच. म्हणून ज्यांच्या हाती माल पडणार आहे त्यांना आधीच सांगून ठेवावे की चलनावर स्वतःच्या हाताने ‘वेष्टन न उघडता, तपासणी न करता स्वीकारले’ असे लिहून मग सही करावी, वेळ टाकावी, आणि टेम्पो निघण्यापूर्वी खोक्यांची चारही बाजूंनी छायाचित्रे काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकावीत. खोका चेपलेला किंवा भिजलेला दिसत असेल, तर तेही चलनावरच लिहावे. टेम्पोवाला घाई करतो, हमाल कुरकुर करतात, पण दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलेल्या दहा वाक्यांपेक्षा या एका ओळीचे वजन जास्त असते.

बिल मुंबईतील भावाच्या नावावर आणि वस्तू गावच्या आईच्या वापरात, असे असले तरी अडचण येत नाही. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत ग्राहकच असतो.

फोन थांबवावा, पत्र लिहावे

दोन फोन झाल्यावर तिसरा फोन करू नये. त्याऐवजी एक पत्र तयार करून ते दुकानाच्या ई-मेलवर, व्हॉट्सॲपवर आणि स्पीड पोस्टने, अशा तिन्ही मार्गांनी पाठवावे. रजिस्टर्ड पोस्टाची स्वतंत्र सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, त्यामुळे पोहोच मिळवण्यासाठी स्पीड पोस्टच वापरावे लागते आणि पोचल्याची नोंद संकेतस्थळावरून छापून घेता येते.

पत्रात राग नसावा आणि इतिहासही फार नसावा. दुकानात कोण कसे उद्धटपणे बोलले, याची दोन पाने लिहिलेली पत्रे पाहण्यात येतात, आणि त्यांत बिल क्रमांक मात्र नसतो. साधारण मसुदा असा ठेवता येईल:

‘दि. … रोजीच्या बिल क्र. … अन्वये आपणाकडून तीनदारी कपाट रु. … इतक्या किमतीस खरेदी केले असून ते दि. … रोजी मौजे …, ता. गुहागर येथील घरी पोचवण्यात आले. मागणीच्या वेळी घर समुद्रकिनारी असल्याचे आपणास सांगितले होते. दि. … रोजी कपाटाच्या डाव्या बाजूच्या खालच्या फळीची कडपट्टी सुटून फळी फुगल्याचे आढळले. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. ही बाब दि. … व दि. … रोजी आपणास दूरध्वनीवरून कळवली होती. तरी हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत सदर कपाट आपल्या खर्चाने बदलून द्यावे अथवा उचलून नेऊन पूर्ण रक्कम परत करावी. मुदतीत कार्यवाही न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे दाद मागितली जाईल व त्याच्या खर्चाची जबाबदारी आपणावर राहील.’

मागणी नेमकी असावी. ‘योग्य तो न्याय मिळावा’ असे लिहिले की दुकानदार एक नळी सिलिकॉन आणि एक मुलगा पाठवतो, फट बुजवतो आणि तक्रार मिटल्याचा संदेश पाठवून मोकळा होतो. दुरुस्ती मान्य असेल तर दुरुस्ती म्हणावे, बदली हवी असेल तर बदली म्हणावे, पण एकाच पत्रात पाच पर्याय देऊ नयेत. मुदत पावसाळ्यात थोडी सैल ठेवण्यास हरकत नाही, कारण दरड कोसळून परशुराम, कशेडी किंवा करूळ घाटातील वाहतूक थांबणे ही कल्पित सबब नसते. पण ‘घाट सुरू झाल्यावर’ असे लिहू नये, तारीखच लिहावी.

‘वस्तू दुकानात आणून द्या, मग बघू’ असे उत्तर आले तर माल विक्री कायद्याचे कलम ४३ दाखवावे. ज्या ग्राहकाला माल नाकारण्याचा हक्क आहे आणि ज्याने तो नाकारल्याचे कळवले आहे, त्याच्यावर माल परत पोचवण्याचे बंधन नसते, वेगळे ठरले असेल तरच ते येते. आंबा घाट चढून सोफा कोल्हापूरला नेण्याचे भाडे ग्राहकाने सोसण्याचे कारण नाही. मात्र नाकारलेली वस्तू मग वापरू नये. तिच्यावर चादर घालून रोज बसणाऱ्याने ती नाकारली, हे कोणाला पटत नाही.

दुकान म्हणते कंपनी, कंपनी म्हणते दुकान

ही टोलवाटोलवी गाद्या आणि तयार जोडणीच्या फर्निचरमध्ये विशेष दिसते. पैसे ज्याने घेतले आणि बिल ज्याने दिले, तो विक्रेता तक्रारीत असलाच पाहिजे. वॉरंटी कार्ड उत्पादकाचे असेल, तर त्यालाही त्याच पत्राची प्रत पाठवावी आणि पुढे तक्रारीत दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करावे. आपसांत जबाबदारी कशी वाटायची हा त्यांचा प्रश्न आहे. वाहतूकदार दुकानानेच ठरवला असेल, तर वाटेत झालेल्या नुकसानीसाठी ग्राहकाने त्याच्यामागे धावू नये.

बिल नसेल तर हे सर्व लंगडे पडते. जत्रेच्या किंवा सणाच्या सवलतीत ‘एस्टिमेट’ नावाची चिठ्ठी देऊन कर वाचवल्याचा आनंद दिला जातो. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, तशी मुदत लिहिली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा त्याच कलमात येते. त्यामुळे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही छापील ओळ सदोष मालाच्या बाबतीत ग्राहकाला अडवू शकत नाही. रंग आवडला नाही किंवा माप चुकीचे दिले, अशा कारणांसाठी मात्र हे कलम उपयोगाचे नाही.

कच्च्या चिठ्ठीवरच व्यवहार झाला असेल, तर यूपीआयची नोंद, बँकेचे विवरण आणि व्हॉट्सॲपवर झालेली किमतीची बोलणी यांवरून खरेदी सिद्ध करता येते. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य सांगतात: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. म्हापसा किंवा बेळगावहून खरेदी केलेल्या सावंतवाडी-दोडामार्गकडच्या ग्राहकांना त्यावरून नोटीस कोणत्या राज्यातील नोंदणीकृत पत्त्यावर पाठवायची हे शोधता येते.

ऑनलाइन खरेदीत तक्रारीचा मार्ग थोडा सोपा आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक संकेतस्थळाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. ॲपमधील गप्पांच्या खिडकीत यंत्राशी वाद घालत बसण्यापेक्षा या अधिकाऱ्याचा ई-मेल शोधून काढणे शहाणपणाचे.

हेल्पलाइन आणि जिल्हा आयोग

मुदत संपली की पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची, क्रमांक १९१५. तेथे मराठीतही बोलता येते. ही हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही, ती तक्रार कंपनीकडे पोचवून समझोत्याचा प्रयत्न करते. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत याचा बरा उपयोग होतो, गावातील एकट्या दुकानाच्या बाबतीत कमी. काही झाले तरी तेथे मिळणारा तक्रार क्रमांक पुढे कामाला येतो.

त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. रायगडचा अलिबागला, रत्नागिरीचा रत्नागिरीत आणि सिंधुदुर्गाचा ओरोसला. दुकान कोल्हापूरचे असो वा पणजीचे, ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार ग्राहक जेथे राहतो किंवा स्वतः नोकरी-व्यवसाय करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. चाकरमान्याला म्हणूनच मुंबईचा पर्यायही खुला असतो. बिलाच्या पायथ्याशी ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायकक्षेत’ असे छापलेले असते, पण तेवढ्याने हा वैधानिक हक्क आपोआप संपत नाही. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जावे लागते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्कच नाही. वकील देणे सक्तीचे नाही. तक्रार ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते.

सामनेवाल्याला उत्तर देण्यास ३० दिवस मिळतात आणि आयोग जास्तीत जास्त आणखी १५ दिवस वाढवून देऊ शकतो. त्यापुढे मुदत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तक्रार तीन महिन्यांत, आणि मालाची तपासणी प्रयोगशाळेत करावी लागत असेल तर पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक काळ लागू शकतो, ही मनाची तयारी ठेवूनच पाऊल टाकावे. दोष नुसत्या डोळ्यांनी दिसणारा नसेल, म्हणजे प्लायची प्रत किंवा लाकडाची जात असा वाद असेल, तर तज्ज्ञ अहवालावाचून तक्रार अडते. त्यासाठी वस्तूचा काढलेला भाग टाकून देऊ नये.

दोन वर्षांची मुदत मात्र काटेकोर आहे. ती तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजली जाते, आणि ‘माणूस पाठवतो’ या तोंडी आश्वासनांनी ती लांबत नाही. एक पावसाळा सोडला, दुसराही सोडला, तर मुदत संपते आणि मग विलंब माफीसाठी कारणे देत बसावे लागते.

घरगुती निवास चालवणाऱ्यांसाठी

तारकर्ली, गुहागर, दिवेआगर किंवा नागाव येथे दोन-चार खोल्या पर्यटकांना देणाऱ्यांनी एकदम बारा पलंग आणि बारा गाद्या घेतल्या असतील, तर ‘ही खरेदी व्यापारी हेतूची आहे, तुम्ही ग्राहकच नाही’ हा मुद्दा विक्रेत्याचा वकील हमखास काढतो. ग्राहक संरक्षण कायद्यातील स्पष्टीकरणानुसार केवळ स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूंना व्यापारी हेतू मानले जात नाही. म्हणून निवास स्वतः आणि घरच्या माणसांनी चालवला जातो, हाच उदरनिर्वाह आहे, हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहावे लागते, तेही खरे असेल तरच. त्या बिलावर जीएसटीची वजावट घेतलेली असेल, तर हे पटवणे कठीण जाते. अशांनी दिवाणी दाव्याचा विचार करावा किंवा खरेदीतच शेवटचा हप्ता पावसाळ्यानंतर देण्याची अट घालून घ्यावी.

हप्त्यांवर घेतलेल्या फर्निचरच्या बाबतीत बरेच जण रागाने हप्ता थांबवतात. कर्ज वित्त कंपनीचे असते, दुकानाचे नसते, त्यामुळे हप्ता चुकला की दंड आणि पतनोंदीचे नुकसान ग्राहकाचेच होते. हप्ते चालू ठेवून वित्त कंपनीला तक्रारीची प्रत लेखी कळवावी आणि भरलेले व्याज नुकसानभरपाईत मागावे.

गणपतीपूर्वी माल मिळावा म्हणून जूनमध्ये आगाऊ रक्कम देणाऱ्यांनी पावतीवर ‘दि. … पर्यंत माल न मिळाल्यास ऑर्डर रद्द समजून संपूर्ण रक्कम परत, वेळ हा या कराराचा मुख्य भाग आहे’ असे लिहून घ्यावे. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ५५ नुसार वेळ करारात अशी महत्त्वाची असेल, तर ती चुकल्यावर करार रद्द करण्याचा पर्याय ग्राहकाला मिळतो. चतुर्थीच्या आदल्या रात्री आलेला सोफा स्वीकारायचा की नाही, हे मग ग्राहक ठरवतो.

प्रकरण मिटते तेव्हा

नोटीस गेल्यावर किंवा तक्रार दाखल झाल्यावर बरीच दुकाने तडजोडीला तयार होतात. बदली माल आणताना ती सोबत ‘ग्राहकाचे पूर्ण समाधान झाले असून कोणतीही तक्रार उरलेली नाही’ असा कागद आणतात आणि टेम्पोतून माल उतरण्यापूर्वीच सही मागतात. त्या कागदावर नवी वस्तू कोणती, तिची वॉरंटी बदलीच्या तारखेपासून सुरू होते की जुन्याच तारखेपासून, जुनी वस्तू कोणी व केव्हा नेली, आणि वाहतूक कोणाच्या खर्चाने झाली, हे हाताने लिहून घेतल्यावरच सही करावी. पैसे परत मिळणार असतील तर धनादेश वटल्यावर किंवा रक्कम खात्यात जमा झाल्यावरच तक्रार मागे घेण्याचा अर्ज द्यावा. आयोगासमोर तडजोड होत असेल, तर ती आदेशात नोंदवून घ्यावी, कारण आदेश पाळला नाही तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ आणि ७२ खाली वसुली आणि शिक्षा, दोन्हींची मागणी करता येते. नुसत्या स्टॅम्पपेपरवरच्या तडजोडीला ती ताकद नसते.